काटाबाबू रजेवर होते

"तुमची सुटी शिल्लक कुठं आहे, लहानूभाऊ? तुमी तं सारी खाऊन बसले," असं म्हणून अण्णाजींनी रजिस्टर फिरवून लहानूच्या पुढ्यात सरकवलं.

लहानू थूल रजिस्टरकडे पाहत राहिला. सिंदी रेल्वेच्या धवलधारा जिनिंग-प्रेसिंगमध्ये बावीस वर्षं वजनकाट्यावर बसलेला हा माणूस. कापसाची ट्रॉली आत आली की भरलेलं वजन, बाहेर निघाली की रिकामं वजन, मधला फरक पावतीवर आणि खाली सही. गावात त्याला लहानू कोणी म्हणत नसे, काटाबाबू म्हणत. बावीस वर्षांत तो एकदाही भरपगारी सुटीवर गेला नव्हता. रजिस्टरमध्ये मात्र तो दरवर्षी चौदा-पंधरा दिवस रजेवर होता.

"दोन हजार तेवीस," मॅनेजर अण्णाजींनी चष्मा सावरून वाचलं. "बारा ते चौदा डिसेंबर. शेरा, कुटुंबासह बोरधरण येथे सहल. मंग? मजा आली असंन."

"अण्णाजी, हे तं आपण लिवलं ना जी!"

"आपण?" अण्णाजींनी खिडकीबाहेर पाहिलं. "अक्षर कोनाचं आहे?"

अक्षर लहानूचं होतं. सगळी पंचाईत तिथंच होती.

प्रत्येक कामगाराच्या सुटीचं रजिस्टर कारखान्याला ठेवावं लागतं. धवलधाराने ते ठेवलेलं होतं, पण कोरं. सुटी कोणाला देतच नव्हते तर लिहिणार काय? मग मार्चच्या सुमाराला तपासणीची कुणकुण लागली की अण्णाजी लहानूला हाक मारत. कारखान्यात दोनच माणसांचं अक्षर वाचण्यासारखं होतं, आणि त्यातले अण्णाजी स्वतः अडकतील असं काही लिहीत नसत.

एका दुपारी अठ्ठावीस माणसांचं वर्षभराचं सुखदुःख उरकायचं असे. लहानू चार पेन घेऊन बसे. दोन निळे, एक काळा, एक संपत आलेला. उन्हाळ्यातली सुटी एका पेनाने, पोळ्याची दुसऱ्याने, म्हणजे वर्षभर जसजशी सुटी पडली तसतसं लिहिलंय असं दिसावं. कडेला एकदोन ठिकाणी चहाचं बोट लावायचं. काम झालं की अण्णाजी वर्ध्याहून आणलेला गोरसपाकाच्या बिस्किटांचा डबा लहानूच्या हातात ठेवत, आणि घरी त्याची बायको अन्नपूर्णा डबा उघडून म्हणे, "मॅनेजर माणूस चांगला आहे."

तक्त्यातला शेवटचा रकाना होता 'शेरा'. तो मोकळा सोडला असता तरी चाललं असतं. पण मोकळा रकाना लहानूला बघवत नसे. तो तिथे कारणं लिहू लागला. आणि माणूस प्रामाणिक असल्यामुळे खोटंसुद्धा मनापासून लिही. चौकीदाराला त्याने नातवाच्या बारशाला पाठवलं. झाडणाऱ्या कोकिळाबाईंना दरवर्षी माहेरी पाठवलं, माहेरी कोणी उरलं नव्हतं तरी. प्रेसवरचा फिटर नागेश याला तीन वेळा 'पत्नीचे बाळंतपण' दिलं. नागेशचं लग्न व्हायचं होतं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं आणि लहान कुटुंबाचे फायदे सांगितले. नागेशने ते हात मागे बांधून शेवटपर्यंत ऐकले आणि वर "आता नाई होनार साहेब" असा शब्दही दिला.

स्वतःलाही लहानूने काही कमी केलं नव्हतं. दरवर्षी चौदा ऑक्टोबरला तो दीक्षाभूमीवर होता. मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला होता. साळीच्या, म्हणजे अन्नपूर्णाच्या बहिणीच्या, लग्नात होता, आणि साळीचं लग्न दोनदा झालं होतं, कारण आधीच्या वर्षीचं तो विसरला होता.

"अण्णाजी," लहानू म्हणाला, "मले नौकरीवरून काढलं थे काढलं. पण मी सुटीवर गेलतो म्हणून काऊन सांगता?"

काढलं होतं तेही जगावेगळं. मोठे शेठ थकले, त्यांचा मुलगा धीरज पुण्याहून शिकून आला आणि त्याने कॉम्प्युटरचा काटा बसवला. गाडी उभी राहिली की कॅमेरा नंबर टिपतो, पावती आपोआप निघते. त्यानंतर एका सकाळी लहानूच्या मोबाईलवर दिसलं की 'धवलधारा परिवार' या ग्रुपमधून त्याला काढलं आहे. त्याला वाटलं, नेटवर्कची गडबड. त्याने नागेशला सांगितलं, नागेशने त्याला परत घेतलं. दोन मिनिटांत तो परत बाहेर. नागेशने परत घेतलं. तिसऱ्यांदा घेतल्यावर धीरजशेठचा फोन आला, लहानूला नव्हे, नागेशला. "अबे, त्या काटाबाबूले मी कामावरून काढून राह्यलो अन् तू काऊन भरती करून राह्यला?" हा निरोप नागेशने काट्यावर येऊन जसाच्या तसा सांगितला. लहानूने त्या वेळी काट्यावर उभ्या असलेल्या सरकीच्या ट्रकचं वजन पूर्ण केलं, पावती फाडली, पेन खिशाला लावला आणि तो घरी गेला.

त्याला आठ दिवस झाले होते. न घेतलेल्या सुटीचा पगार काढून टाकलेल्या माणसालाही मिळतो, हे मुलीने, गुंजनने सांगितलं म्हणून तो आज आला होता.

"मी काय करू बापा," अण्णाजी म्हणाले, "शेठनं सांगतलं, रजिस्टर दाखवा. म्या दाखवलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी आता पाच मिनिटं खिडकीबाहेर पाहून राह्यलो. तुमचा मोबाईल फोटो काढते ना?"

लहानूने शेवटच्या तीन वर्षांची आपली पानं टिपली. अण्णाजी सहाव्या मिनिटापर्यंत बाहेर पाहत होते. बाहेर फक्त भिंत होती.

घरी गुंजनने फोटो मोठे करून वाचायला सुरुवात केली. ती वर्ध्याला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. दुसऱ्या हप्त्याचे बावीस हजार महिनाअखेर भरायचे होते, नाहीतर परीक्षेला बसू देणार नव्हते. घरात सध्या हा एकच विषय होता. अन्नपूर्णा सुपात वाल निवडत होती.

"कुटुंबासह बोरधरण येथे सहल," गुंजनने वाचलं.

अन्नपूर्णाचा हात थांबला. "कोनतं कुटुंब?"

"अवं, आपलंच," लहानू म्हणाला.

"मी नाई गेली. गुंजी, तू गेलती?"

"नाई, आई."

"मंग बोरधरनावर कोनतं कुटुंब नेलं होतं थे सांगा."

समजावून सांगायला लहानूला अर्धा तास लागला. चार पेन, चहाचं बोट, नागेशची तीन बाळंतपणं, सगळं सांगावं लागलं. दुसरं कुटुंब नाही हे तिला पटलं. तेवढ्याने ती शांत होईल असं लहानूला वाटलं होतं. झालं उलटं.

"मंजे लिवाले याद होती," ती म्हणाली. "न्याले नाई."

"अवं, सीझनमंधी कोन सुटी देते?"

"गॅदरिंग लिवलं तुमी. पोट्टी नाचली त्या दिशी, तुमचा पत्ता नोता. मास्तरीन बाई मले विचारे, हिचे वडील हयात आहेत ना? अन् कागदावर तुमी टाळ्या वाजवून राह्यले!"

लहानू वालाच्या सुपाकडे पाहत बसला आणि एक खडा उचलून बाजूला ठेवला. तो खडा नव्हता, वालच होता. अन्नपूर्णाने तो परत सुपात टाकला.

"बाबा, वर्ध्याला कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा," गुंजन म्हणाली. "रजिस्टर खोटं आहे म्हणून सांगायचं."

"अन् कोनं लिवलं म्हणून विचारलं तं?"

"तुमी."

"मंग मले आतमंधी टाकतीन. सुटी मागाले गेलो अन् कायमची भेटली, असं होईन."

"भेटू द्या," अन्नपूर्णा म्हणाली. "बावीस वर्षात पयली सुटी. मी येतो संगं. तुमी तिथं जाऊन शेठची बाजू घ्यान, माहीत आहे मले."

कामगार अधिकारी सुरभी झाडे यांच्या टेबलावर सुनावणीच्या दिवशी रजिस्टरांची चळत होती. त्यांनी बावीसही वर्षांची मागवली होती. टेबलाच्या एका बाजूला धीरजशेठ आणि अण्णाजी, दुसऱ्या बाजूला लहानू आणि अन्नपूर्णा. अन्नपूर्णाने ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं होतं आणि पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती, कोणी हिसकावून घेईल अशी.

"मॅडम, एकदम सिंपल मॅटर आहे," धीरजशेठ म्हणाला. "लीव्ह संपलेली आहे. सगळं रेकॉर्डवर आहे, त्यांच्याच हातचं. आणि काढलं का, तर ह्या बघा छत्तीस पावत्या. तीन वर्षांतल्या चुका. कुठे दहा किलो, कुठे वीस किलो. पुरावा म्हणून मी ओरिजिनल आणल्या आहेत."

त्याने जाडजूड पाकीट टेबलावर ठेवलं. पुरावा आणल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

सुरभी मॅडमनी वरची पावती घेतली. "तेरा डिसेंबर दोन हजार तेवीस. सरकीचा ट्रक. हे वजन यांनीच केलं?"

"यांनीच. सही बघा ना. वीस किलोचा फरक."

"किती वाजता?"

"लिहिलंय ना, अकरा वीस."

मॅडमनी रजिस्टरचं पान उलटलं. पावती पानाशेजारी ठेवली. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"पण हे तर त्या दिवशी बोरधरणावर होते."

धीरजशेठने पावतीकडे पाहिलं, रजिस्टरकडे पाहिलं, मग अण्णाजींकडे पाहिलं.

"तिथून येऊन केलं असेल," तो म्हणाला.

"सहकुटुंब?" मॅडमनी विचारलं. मग दुसरी पावती काढली. "चौदा ऑक्टोबर बावीस. गाठींचा ट्रक. रजिस्टरमध्ये दीक्षाभूमी." तिसरी काढली. "साळीचं लग्न. दुपारी बारा पाच. मुहूर्ताच्या वेळी हे ढेपीचं वजन करत होते."

छत्तीसांपैकी नऊ पावत्या रजेच्या दिवसांतल्या निघाल्या. धीरजशेठने पाकीट हळूच आपल्याकडे ओढायचा प्रयत्न केला. मॅडमनी त्यावर पेपरवेट ठेवला.

लहानू उभा राहिला. त्याला कोणी उभं राहायला सांगितलं नव्हतं.

"मॅडम, रजिस्टर म्या लिवलं. सारंच. अठ्ठावीस लोकाइचं. मी कधी सुटीवर नाई गेलो. कोकिळाबाई माहेरी नाई गेल्या. अन् नागेशले लेकरं नाईत."

"नागेश कोण?"

"दरवर्षी बावीस नंबरचं पान, मॅडम."

मॅडमनी वर्षावर्षाचं ते पान काढलं, वाचलं, बोटाने मोजलं. "तीन आहेत."

"लग्न नाई झालं त्याचं."

मॅडम समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायल्या. "खोटं रजिस्टर लिहिणं गुन्हा आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"हो, मॅडम."

"कोणी लिहायला सांगितलं?"

लहानूने अण्णाजींकडे पाहिलंसुद्धा नाही. पण अन्नपूर्णाने पाहिलं, आणि मॅडमनी अन्नपूर्णाकडे. अण्णाजींनी सवयीने मान वळवली. त्या बाजूला खिडकी नव्हती. लोखंडी कपाट होतं. त्या कपाटाकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

"म्या सांगतलं," शेवटी ते कपाटाला म्हणाले.

त्यानंतर काम भराभर झालं. रजिस्टरावर स्वतंत्र कारवाई होईल, ती कारखान्यावर होईल, असं मॅडमनी धीरजशेठला सांगितलं. मग लहानूकडे वळून त्या म्हणाल्या, "वीस दिवस कामाला एक दिवस सुटी. न घेतलेली पुढच्या वर्षी साठते. तुम्हाला काढलं आहे, तरी साठलेल्या सुटीचा पगार बुडत नाही. तीस दिवसांचा मिळेल."

लहानूला वाटलं, एका वर्षाचा हिशोब सांगत असतील. "अन् बाकीच्या वर्षाइचा?"

"सगळ्या वर्षांचा मिळून. साठायची हद्द तीस दिवस आहे."

लहानूने मनातल्या मनात तीनशे तीस दिवस मोजून ठेवले होते. तो हळूहळू खाली बसला.

"बाकीच्या तीनशे कुठं गेल्या, मॅडम?" अन्नपूर्णाने विचारलं.

"बुडाल्या, बाई."

"कोनत्या धरनात? बोरधरनात?"

मॅडमना हसू आलं असावं, कारण त्यांनी मान खाली घालून लिहायला सुरुवात केली. दिवसाला सहाशे, तीस दिवसांचे अठरा हजार. ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा करायचा, त्याला काही महिने लागतील, कारण ते काम ज्या साहेबांकडे होतं त्यांची बदली झाली होती आणि नवीन साहेब अजून रस्त्यात होते.

अठरा हजार. बावीसला चार कमी. अन्नपूर्णाने पर्स उघडून पाहिली, जणू चार हजार आत असतील, आणि मिटली.

"थांबा," सुरभी मॅडम म्हणाल्या. "एक गोष्ट आहे. सुटी लेखी मागितली असेल आणि कारखान्याने नाकारली असेल, तर ती त्या तिसात धरत नाहीत. ती कधीच बुडत नाही. तुम्ही कधी लेखी अर्ज केला होता?"

लहानूची नजर टेबलावरच्या फाईलकडे गेली.

धीरजशेठने पुराव्याच्या भरात लहानूची सगळी फाईल आणली होती. मॅडमनीच ती चाळली. तळाशी एक पिवळट कागद होता. त्यांनी तो वाचला आणि परत एकदा वाचला.

"दोन हजार चौदा. डिसेंबर. आई आजारी असल्याने अकरा दिवस सुटी मिळावी. खाली मॅनेजरचा शेरा आहे, सीझन चालू, नंतर पाहू." त्यांनी अण्णाजींकडे पाहिलं. "नंतर पाहिलं का?"

"नाई पाह्यलं," अण्णाजी म्हणाले.

मॅडमनी चळतीतून दोन हजार चौदाचं रजिस्टर ओढलं. लहानूचं पान लागलं. तीन ते तेरा डिसेंबर. शेरा, आईची सेवा. पूर्ण अकरा दिवस.

लहानूची आई भागीरथा कारंजा घाडग्याला धाकट्या मुलाकडे असे. त्या डिसेंबरात तिने अंथरूण धरलं. अन्नपूर्णा सात वर्षांच्या गुंजनला घेऊन पहिल्याच दिवशी गेली. लहानू अर्ज लिहून आला होता, उद्या येतो म्हणाला होता. फाटकाबाहेर रोज शंभर शंभर ट्रॉल्यांची रांग होती. अकराव्या दिवशी भावाचा फोन आला तेव्हा एक ट्रॉली काट्यावर होती, तिचं रिकामं वजन बाकी होतं. लहानूने ते केलं, मग निघाला. तो पोहोचला तेव्हा लोक माती देऊन परत येत होते. त्यांनी रस्त्यातच त्याला भेटून घेतलं. दुसऱ्या दिवशी आठ वाजता तो काट्यावर होता. मार्चमध्ये रजिस्टर लिहिताना अण्णाजी म्हणाले होते, लहानूभाऊ, एकदम अकरा नका टाकू, नजरेत येते, तुकडे करा. लहानूने तुकडे केले नव्हते. चार पेनांपैकी एकच वापरला होता, अकराही दिवसांना.

"हे बरं झालं तुमच्यासाठी," सुरभी मॅडम म्हणाल्या. "अकरा दिवसांचे सहा हजार सहाशे. एकूण चोवीस हजार सहाशे. फक्त या नोंदीचं सांगायचं. बाकीच्या खोट्या आहेत असं तुम्ही म्हणालात. ही पण खोटीच ना?"

लहानूने तोंड उघडलं.

बोरधरणाला तो खोटं म्हणाला होता. दीक्षाभूमीला म्हणाला होता, गॅदरिंगला म्हणाला होता, साळीच्या दोन्ही लग्नांना म्हणाला होता. एकच शब्द होता. पण तो येईना. रजिस्टरवरच्या त्या ओळीकडे तो असा पाहत होता की जणू दुसऱ्याच कोणी लिहून ठेवली आहे आणि आता ती पुसायला त्याला सांगताहेत.

"नुसतं हो म्हणा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आईजवळ नव्हता, एवढंच."

"होते, मॅडम."

अन्नपूर्णा बोलली होती. लहानूने दचकून तिच्याकडे पाहिलं.

"थे एक खरं आहे," ती म्हणाली. "बाकी सारं खोटं. पण थे अकरा दिवस हे तिथं होते."

"सुटी तर नाकारली होती."

"नाकारली होती. तरी आलते."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"मी बी तिथंच होती, मॅडम. अकराही दिवस. मी पायाशी बसो अन् हे उशाशी. तोंडात पानी याइनंच टाकलं." तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला आणि सोडला. "थे खोडू नोका."

मॅडमनी अण्णाजींकडे पाहिलं. त्या डिसेंबरात लहानू रोज कुठे होता हे अण्णाजींइतकं कोणाला माहीत नव्हतं.

"गेले असतीन," अण्णाजी म्हणाले. "मले आता तितकं याद नाई."

धीरजशेठने हरकत घ्यायला तोंड उघडलं होतं. आपले सहा हजार सहाशे वाचताहेत हे तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने ते मिटलं. पण गोंधळ काही त्याच्या चेहऱ्यावरून गेला नाही. समोरच्या बाजूने कोणी आपल्या फायद्याचं बोललं की काय करायचं, हे पुण्याला शिकवलेलं नव्हतं.

"बाई, याचे पैसे मिळणार नाहीत मग," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "कळतंय ना?"

"कळते."

सुरभी मॅडमनी लाल पेन उचलला. एकेक वर्ष उघडून लहानूच्या पानावरच्या नोंदींपुढे त्या 'अमान्य' लिहीत गेल्या. बोरधरण अमान्य. गॅदरिंग अमान्य. चौदा ऑक्टोबर, सगळेच, अमान्य. दोन हजार चौदाच्या पानाशी त्या थांबल्या. पिवळट अर्ज त्यांनी फाईलमध्ये परत घातला, फाईल बांधली आणि ते पान तसंच उलटलं.

चार वाजताच्या बसमध्ये त्यांना शेजारी शेजारी जागा मिळाली. पवनारच्या पुलावर बसने वेग कमी केला. लहानूच्या खिशात मॅडमनी दिलेल्या आदेशाच्या कागदाची घडी होती आणि तो अधूनमधून खिशावर हात ठेवत होता.

"चार हजार कमी पडते," तो म्हणाला.

"माहीत आहे. माह्या बचत गटातून उचलतो. तुमी नोका घोर करू."

"अन्नपूर्णा."

"काय जी?"

लहानू समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत होता. "आई काई म्हने?"

"कवा?"

"तवा. पयल्या दिशी."

अन्नपूर्णाने त्याच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्याने हे एकदाही विचारलं नव्हतं, आणि तिनेही आपण होऊन सांगितलं नव्हतं. तिने पर्स खाली पायाशी ठेवली.

"पयल्या दिशी काई नाई बोलली," ती म्हणाली. "म्या पेज केली. दोन चमचे घेतले अन् म्हने, मीठ नाई टाकलं. म्हटलं टाकलं ना आत्याबाई. म्हने, तुह्या हाताले चवच नाई. लहानू आला की त्याले कर म्हनजो."

"मंग?"

"मंग काय. झोपली. दुसऱ्या दिशी भावजीनं डॉक्टर आनला."

"थांब," लहानू म्हणाला. "पयल्या दिशी रात्री?"

"रात्री पाय चेपून दिले. गुंजी संगं झोपली तिच्या. गुंजीले म्हने, तुह्या बापाले थंडी लागत असंन तिथं काट्यावर, खोलीले दार नाई."

"दार लावलं होतं तवा," लहानू म्हणाला. "त्याच वर्षी लावलं होतं."

"मले काय माहीत. मी हो म्हटलं."

कंडक्टर तिकिटं फाडत आला. लहानूने दोन सिंदी म्हणून पैसे दिले, सुटे घेतले आणि न मोजता खिशात टाकले. मग अन्नपूर्णाने दुसरा दिवस सांगितला. डॉक्टर काय म्हणाला, सलाईन कोणत्या हाताला लावलं, भावाच्या बायकोशी कशावरून बोलाचाली झाली. तिसऱ्या दिवशी भागीरथा जरा उठून बसली होती, तेल लावून वेणी घालून मागितली होती. अन्नपूर्णा मधेच दुसरीकडे वळली की लहानू तिला परत आणे. वेणी कोनं घातली? तेल कोनतं होतं? अन् मंग तिनं आरशात पाह्यलं?

सेलूला बस दहा मिनिटं थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला, लोक उतरले, नवे चढले. पुढच्या सीटवर कोणीतरी हरभऱ्याचं पोतं ठेवून जागा धरली. लहानू अन्नपूर्णाकडे तोंड करून बसला होता आणि चौथा दिवस चालू होता.